उकिरड्यावरची ॲम्बेसेडर

उखर्डूला आपलं नाव कधीच आवडलं नाही. शाळेत गुरुजी हजेरी घेत तेव्हा तो इतक्या घाईनं 'हजर' म्हणे की निम्मं नाव त्यातच बुडून जाई. पण इलाज नव्हता. धुरपदाबाईची त्याच्या आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा त्याला गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवला, शेजारच्या सुगंधाबाईनं उचलला, आणि सूपभर दादर, म्हणजे हिवाळ्यातली ज्वारी, देऊन धुरपदाबाईनं तिच्याकडून आपलाच पोरगा विकत घेतला.

रीत एवढ्यावर संपत नाही. असल्या पोराला 'माझा' म्हणायचं नसतं, त्याचं कौतुक करायचं नसतं, नाहीतर दृष्ट लागते. धुरपदाबाईनं ही रीत अशी काही पाळली की विचारू नका. पोरगा वर्गात पहिला आला, तिनं नाक मुरडलं. कोणी विचारलं, "हाऊ कोना पोऱ्या शे, अक्का?" की उत्तर ठरलेलं, "उकिरडावर सापडना." पोरगा चाळिशीला आला, दोन मुलींचा बाप झाला, तरी उत्तर तेच. आई खोटं बोलते हे त्याला कळत होतं. ऐकून मात्र दर वेळी वाईट वाटायचं.

उखर्डू दोंडाईच्याच्या बन्सीलाल शेठच्या कापसाच्या पेढीवर जीप चालवायचा. हात असा की मागे बसलेल्याच्या पेल्यातलं पाणी सांडायचं नाही. पण जीप गावात शिरली की पोरं ओरडत, "शेठनी गाडी उनी!" वीस वर्षं तो ती गाडी चालवत होता, धुवत होता, तिच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखत होता, आणि गाडी आपली शेठचीच.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर शेठनीच विषय काढला. सुरतेला त्यांच्या साडूची ॲम्बेसेडर विकायची होती. गाडी पेट्रोलवरही चाले आणि गॅसवरही. "घे तू. सुरतेच्या फेऱ्या कर," शेठ म्हणाले. "पण उखर्डू, मग माझ्याकडची नोकरी सुटली. जीप मला उभी ठेवता येणार नाही, दुसरा माणूस ठेवीन. नंतर परत आलास तर जागा नसेल."

उखर्डू पॅसेंजर पकडून सुरतेला गेला. साडूनं डिकी उघडून दाखवली, तर निम्मी डिकी गॅसच्या टाकीनंच खाल्लेली. स्टिअरिंगजवळ एक बटण, इकडे केलं की पेट्रोल, तिकडे केलं की गॅस. उखर्डूनं गाडी शहराबाहेर काढली. गॅसवर इंजिन मऊ बोलत होतं, उड्डाणपुलाच्या चढावर मात्र जरा कुरकुरलं. त्यानं बटण फिरवलं तशी गाडीनं उचल घेतली. त्याला हसूच फुटलं. जनावराचा स्वभाव कळावा तसा त्याला गाडीचा स्वभाव कळला होता. मग पेट्रोल पंपावर एका ड्रायव्हरनं हळूच सांगितलं की ही गाडी दोघांनी वापरून सोडली आहे, दोघांचाही धंदा बसला, हिला पनवती म्हणतात.

उखर्डू गाडी न घेताच परतला.

दोंडाईच्याला गॅरेजवाला निंबा, त्याचा जुना दोस्त, ऐकून पोट धरून हसला. "आरे, गॅस भराले रोज सुरत जाशी का? निम्मी गाडी आठे, निम्मी सुरतले!"

बोलणं खोटं नव्हतं. गाडीत भरायचा गॅस त्या वेळी धुळ्या-जळगावात कुठे मिळत होता? पण उखर्डूचं गणित वेगळं होतं. आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं सुरतेला यंत्रमागावर. त्यांच्या बायका, म्हातारे, दवाखान्याचे पेशंट, सगळ्यांची ये-जा चालू. जाताना पेट्रोल, येताना सुरतेत भरलेला स्वस्त गॅस. तो नवापूरपर्यंत सहज पुरला असता. ज्या गाडीचा इथे कोणालाच उपयोग नव्हता, ती या एका धंद्याला बरोबर बसत होती. तरी पनवती हा शब्द डोक्यातून जात नव्हता. आपल्यामुळे दोन पोरी उघड्यावर पडल्या तर?

दोन दिवस तो जेवला नाही धड. शेवटी धुरपदाबाईनं ताट पुढे सरकवून विचारलं, "काय व्हयनं रे?"

त्यानं सगळं सांगितलं.

"गाडी चालस का?"

"मस्त चालस, माय. पन दोन जनासनी वापरीसन टाकी दिन्ही. लोके तिले पनवती म्हनतस."

म्हातारी म्हणाली, "लोके तर तुले बी म्हनेत, हाऊ जगाव नही. तुले मी सुगंधापाईन इकत लिन्हा, सूपभर दादर दीसन. कमी पडना का तू?"

उखर्डू दुसऱ्या दिवशी शेठच्या हातात जीपची किल्ली ठेवून आला.

ॲम्बेसेडर गावाच्या वेशीशी आली तेव्हा धुरपदाबाईनं ती आत येऊ दिली नाही. उकिरड्याजवळ उभी करायला लावली. सुगंधाबाई थकली होती, तिला उखर्डूच्या दोघी पोरींनी धरून आणलं आणि गाडीच्या टपावर हात ठेवायला लावला. "माले सापडनी," ती बोळक्या तोंडानं हसत म्हणाली, "कोनी लेस का?" धुरपदाबाईनं सूपभर दादर तिच्या ओटीत ओतली. सगळं गाव हसत होतं. निंबानं तर हसता हसता बोनेटवर नारळ फोडला. उखर्डूला आयुष्यात पहिल्यांदा त्या उकिरड्याची लाज वाटली नाही.

पहिल्या फेरीला म्हातारी स्वतःच पुढच्या सीटवर बसली. दोंडाईच्याच्या स्टँडबाहेर गाडी थांबली तशी माणसं भोवती जमली. कोणी काच ठोकून बघे, कोणी डिकीतली टाकी. एका बाईनं खिडकीतून विचारलं, "गाडी कोनी शे वं, अक्का?"

उखर्डूनं मान खाली घातली. उत्तर त्याला पाठ होतं.

"मना पोऱ्यानी," धुरपदाबाई म्हणाली. आणि कोणाला ऐकू गेलं नसेल म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढून पुन्हा म्हणाली, "हाऊ उखर्डू, मना पोऱ्या शे. त्यानी गाडी शे."

उखर्डूच्या हातात स्टिअरिंग होतं म्हणून बरं, नाहीतर ते हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचलं नसतं. समोरचा रस्ता त्याला धड दिसेना.

मग म्हातारीला एकदम भान आलं. इतके डोळे गाडीवर लागलेले! तिनं घाईघाईनं दारावर चापट मारली. "गाडीले काय देखतस? भंगार शे ती. उकिरडावर सापडनी."