अण्णा आणि ओट्सच्या कण्या

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या अकरा वर्षांत मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. ऐकणाऱ्याला हेवा वाटतो. माझी आईसुद्धा म्हणायची, "नशीब काढलंस बाई." तिला काय सांगू! नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं, त्याला समजावता येतं, गेला बाजार रुसून तरी बसता येतं. अण्णा म्हणायचे, "व्हय, करतो की," आणि स्वतःला हवं तेच करायचे. चष्मा बदलून या, व्हय. उन्हात टोपी घाला, व्हय. गोळी घ्या, व्हय व्हय, घेतो की. ती गोळी मला दुसऱ्या दिवशी केर काढताना सोफ्याखाली सापडायची.

अण्णा मोशीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्या ज्या वावरात एकेकाळी कांदा निघायचा, तिथेच आता आमची सात मजली बिल्डिंग आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. शेती सांभाळून त्यांनी भोसरीच्या एका कंपनीत लेथवर सगळी नोकरी काढली. सासूबाई गेल्या आणि सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. नवरा, संदीप, चाकणला तीन शिफ्टमध्ये कामाला. सकाळी तो एक तर घरात नसतो, नाहीतर झोपलेला असतो. मला पावणेसातला हिंजवडीची कॅब. ती चुकली की पुढे ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून राहायचं, वर टीम लीडचं तोंड बघायचं.

अशात अण्णांना नवी चप्पल लागली. डाव्या अंगठ्याला फोड आला, फुटला आणि दोन महिने झाले तरी भरेना. डॉक्टरांनी शुगर तपासली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शुगर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावरच थांबेल असं समजू नका. घरात यांच्या खाण्याकडे लक्ष कोण देतं?" मी मान खाली घातली. अण्णा प्रसन्नपणे म्हणाले, "व्हय." कशाला व्हय, ते त्यांनाच माहीत.

त्यांचा नाष्टा म्हणजे मूठभर शेव घातलेले पोहे आणि साखरेच्या चहात बुडवलेल्या चार खारी. आहारतज्ज्ञ बाईंनी ते सगळं बंद करून ओट्स सांगितले. आधी मी नेहमीचे चपटे आणले. त्यांची अशी काही खळ झाली की तिने भिंतीला पोस्टर चिकटलं असतं. अण्णा मात्र "झ्याक झालंय" म्हणाले. मग बाईंनी स्टील कट ओट्स आणायला सांगितलं. म्हणजे अख्ख्या दाण्याचे नुसते तुकडे केलेले. मी पाकीट फोडलं तेव्हा अण्णांनी चिमूटभर तळहातावर घेतले आणि उजेडाकडे धरले.

"ह्या तर कण्या हायेत की! आमी जोंधळ्याच्या खायाचो." मग एकेक तुकडा बोटानं फिरवत म्हणाले, "कटिंग बरं हाय. एका मापाचं हाय समदं."

माप एक असेल, पण शिजायला महाकठीण. पाकिटावर लिहिलेलं, मंद आचेवर अर्धा तास ढवळा. अर्धा तास! तेवढ्यात मी अंघोळ करून दोन डबे भरते. पहिल्या दिवशी घाईने कुकरला लावले, तर शिट्टीतून फेस उडून भिंत, गॅस, माझा ऑफिसचा कुर्ता, सगळं माखलं. मोबाइलवर बायका सांगतात, "पाच मिनिटांत झटपट नाष्टा." त्या पाच मिनिटांच्या आधीचं भिजवणं, चिरणं आणि नंतरची चिकट पातेली कोण घासतं, ते कुणी दाखवत नाही. मला त्या बायकांचा इतका राग यायचा की मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं द्यायची.

हळूहळू जमलं. कढईत कोरडेच खरपूस भाजून घ्यायचे, म्हणजे गिचका होत नाही. कुकर लावायचाच तर एका वाटीला तीन वाट्या पाणी, चमचाभर तेल, कुकर निम्म्याच्या आत भरलेला, दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. किंवा रविवारीच मोकळे शिजवून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि तीन-चार दिवस रोज वाटीभर काढून मोहरी, कढीपत्ता, मिरची, मटार यांच्या फोडणीत परतायचे. उन्हाळ्यात आंबिलीसारखे ताकात कालवायचे, वर जिरेपूड. सगळ्यात सोपा उपाय खुद्द अण्णांनी काढला. माळ्यावरून त्यांचा रुंद तोंडाचा जुना थर्मास काढून आणला आणि म्हणाले, "वाटीभर कण्या टाक, उकळतं पानी घाल, झाकन गच लाव. सकाळच्याला शिजलेल्या गावतील. गॅस बी जळाया नको आन तू बी." तसंच झालं. सकाळी नुसती फोडणी घालून अण्णांच्या डब्यात भरल्या की काम संपलं. माणूस इतकी मदत करतोय म्हटल्यावर मला वाटलं, चला, आता अंगठा वाचला.

रोज संध्याकाळी मी घरी यायची तेव्हा त्यांचा दोन पुडांचा डबा घासूनपुसून पालथा घातलेला असायचा. "खाल्लंत?" "व्हय. झ्याक झाल्तं." असे तीन महिने गेले. पुन्हा रिपोर्ट काढला, तर शुगर आधीपेक्षा वर! डॉक्टरांनी माझी अशी हजेरी घेतली की मी बाहेर येऊन जिन्यात रडले. पाच वाजता उठत होते मी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

पुढच्या रविवारी गुलाबतात्या आले. हे अण्णांच्या कंपनीतले, शेजारच्या लेथवरचे. हातात मेथीच्या दोन जुड्या. चपला काढता काढताच म्हणाले, "सूनबाई, तुमच्या हाताला गुण हाय बघा. तुमच्या त्या कण्या खाऊन माझी शुगर निम्म्याव आली. डाक्टर बी म्हनला, काय जादू केली राव!"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा मेथीकडे पाहत होते.

सगळा उलगडा झाला. मी कॅबमध्ये बसले की अण्णा डबा घेऊन बसस्टॉपच्या शेडमध्ये जात. तिथे हे चार म्हातारे, बाकडी अडवून. बसची वाट पाहणारे बिचारे उभे. कंपनीत असताना लेथच्या सगळ्यांचे डबे एका कागदावर उघडायचे आणि मधे हात घालायचा, ही त्यांची रीत. आपलाच डबा आपण खाणारा माणूस म्हणजे चिकट, त्याच्याशी कुणी धड बोलत नसे. रिटायर झाले तरी ती रीत सुटली नव्हती. ओट्स गुलाबतात्यांना आवडायचे, ते तेच खायचे. आणि अण्णा खायचे तात्यांच्या सुनेने दिलेला साजूक तुपातला शिरा, तिसऱ्याचे बटाटेवडे आणि चौथ्याचे पोहे. पहाटे उठून, भिंती पुसून, बोटं भाजून मी तीन महिने गुलाबतात्यांची शुगर उतरवत होते!

तात्या गेल्यावर मी जे बोलायला लागले ते थांबेना. अंगठा काढतील, मग पाय काढतील, तुम्हाला कळतंय का, मी हे कुणासाठी करते, सगळं बोलले. शेवटी मी म्हणाले, "उद्यापासून डबा खाली जाणार नाही. इथे टेबलावर बसून खायचं."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"एकल्यानं न्हाई खानार. तुजी सासू व्हती तवर समोर बसायची. आता संदीप निजलेला, तू उभ्यानं च्या पितीस आन बॅग घिऊन पळतीस. त्या टेबलाव मी आन ती भिंत. घास उतरत न्हाई, पोरी."

"मग हे आधी तोंडाने सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"तुला टाइम कुटं हाय?" ते म्हणाले. कुठे टोमणा नाही, काही नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं म्हणाले, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

टीम लीडच्या हातापाया पडून मी सव्वासातची कॅब घेतली. सकाळी दोन वाट्या भरून मीही टेबलावर बसायला लागले. अण्णा सावकाश खायचे. कंपनीतल्या संपाच्या गोष्टी सांगायचे, पंधरा वेळा सांगितलेल्या. मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणायचे, "खा, खा, गाडी न्हाई पळून जात." एकदा आत्याबाई राहायला आल्या होत्या. सून सासऱ्याच्या समोर बसून खाते हे बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्या टायमाला सुना मागनं जेवायच्या." अण्णा म्हणाले, "हिनं मागनं जेवायचं म्हंजी हापिसात. तितं हिला वाडाया तू जानार हाईस का?" आत्याबाईंनी निमूट आपली वाटी पुढे केली.

चार महिन्यांत जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आता आहे तेच चालू ठेवा. चालू काय ठेवायचं, तर रोजची दहा मिनिटं. इतकं सोपं औषध जगात कुणाला मिळत नसेल.

आणि तेच माझ्याच्याने झालं नाही. नवा प्रोजेक्ट आला, कॅब साडेसहाची झाली. मी नाही म्हणू शकले असते का? कदाचित. घराचा हप्ता नव्हता, मुलंबाळं नव्हती, फार तर त्या वर्षीचं प्रमोशन गेलं असतं. मी नाही म्हटलं नाही. संदीपला दोनदा उठवून अण्णांसमोर बसवला, तर तो टेबलावर डोकं ठेवून झोपला. मग मी थर्मास भरून टेबलावर ठेवू लागले आणि दारातून ओरडायची, "अण्णा, खाऊन घ्या हं!" आतून आवाज यायचा, "व्हय, खातो की." त्याचा अर्थ काय, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी दार ओढून घ्यायची. अण्णांवर मी चिडायची ते सगळं खरं, पण त्या दाराची कडी आठवली की चीड येते ती माझी मलाच.

वर्षभरात पुन्हा पाय सुजला. या वेळी टाच. अण्णांनी आठवडाभर मोजा घालून झाकून ठेवला, विचारलं तर "बरं हाय". ॲडमिट केलं तेव्हा विष रक्तात गेलं होतं. पाय कापूनही चौथ्या दिवशी अण्णा गेले. त्यांचा मला अजून राग येतो. दुखतंय म्हणून एकदा ओरडला असता हा माणूस, तर मी सगळी हिंजवडी सोडून धावले असते. पण न ओरडणाऱ्याकडेही बघावं लागतं, हे मला तोपर्यंत शिकायला हवं होतं.

त्या चार दिवसांतली दुसरी सकाळ मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. दवाखान्याचा नाष्टा आला. वाटीत ओट्सच, दुधापाण्यात शिजवलेले, पांढरेफटक. मी चमचा भरून पुढे केला. अण्णांनी तोंड उघडलं नाही.

"तू खाल्लंस?"

"खाल्लं की. खाली कँटीनमध्ये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सलाइन नसलेला हात उचलून त्यांनी माझं मनगट धरलं आणि चमचा माझ्याकडे वळवला. चमचा एकच होता. सासऱ्याच्या वाटीतलं सुनेनं खावं, हे आमच्या घरात कधी घडलेलं नाही. मी खाल्लं. पुढचा चमचा त्यांनी घेतला. मग मी. मग ते.

"मीठ न्हाई," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

वाटी संपली. नर्स आली, पलंगाला अडकवलेला कागद काढून तिने पेन उघडलं. "आजोबांनी किती खाल्लं?"

मी म्हणाले, "आम्ही दोघांनी मिळून वाटीभर."

"असं नाही चालत ताई. पेशंटने किती खाल्लं तेवढंच मला लिहायचंय."

अण्णांनी डोळे मिटले होते. ते तसेच म्हणाले, "अर्धी माजी. अर्धी हिची. हिचं बी लिव्हा."