पायाळूची उमेदवारी

आमच्या घरी पाहुणे जमले आणि जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "आता जर्मनीची लाथ होऊ द्या." मग मला सांगावं लागतं. लागतं कसलं, मी वाटच बघत असतो. बायको मधूनमधून दुरुस्त्या करते, जणू ती तिथं हजर होती. तेव्हा आमचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. सध्या ती माहेरी गेली आहे, तेवढ्यात बिनदुरुस्तीची गोष्ट लिहून काढतो.

मुळात मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. डोक्याचा हा मागं राहण्याचा गुण पुढं शाळेतही टिकला. पण पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं अंबडला आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी कमरेवर हात ठेवून बसलेलं असायचंच. घर कोर्टाच्या रस्त्यावर. खेड्यापाड्यांतून एसटीनं आदळत आपटत लोक यायचे, कोर्टात पुढची तारीख घ्यायचे आणि परतताना आमच्या दारी थांबायचे.

"तारीख तं पडली, आता लाथ तरी पडू दे बाबू," असं म्हणत एकदा शहागडचा एक म्हातारा ओट्यावर टेकला. शेजारी त्याचा सख्खा भाऊ, त्याच खटल्यातला, तोंड फिरवून. मी दोघांनाही मारली.

"बराबर वाटणी केली पोरानं," आई म्हणाली. "कोर्टाला जमून न्हाई राह्यली."

लाथ म्हणजे काही गाढवाची नव्हे. डावा पाय अनवाणी करायचा, पाठीला तीनदा हलकेच मारायचा. पैसा घ्यायचा नाही. आणि झालं की ताबडतोब वाकून त्याच माणसाच्या पाया पडायचं, कारण मोठ्या माणसाला पाय लावलेला असतो. हेडमास्तर मला आठवडाभर छडी मारत आणि रविवारी घरी येऊन माझी लाथ खाऊन जात. मी कंटाळा केला की आई म्हणायची, "ऊठ. पाठ घेऊन आलेल्या माणसाला न्हाई म्हणायचं न्हाई. तुझ्यात दुसरं हाय काय?"

दुसरं म्हणजे मी आयटीआयला जाऊन टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर लोखंड कातणारा, झालो होतो. जालन्याच्या एका वर्कशॉपात लागलो. तिथल्या शेठनं पश्चिम जर्मनीतून तेल काढायची यंत्रं आणवली आणि त्याच बोलण्यात तिकडच्या कारखान्यात सहा महिने काम शिकायला एक उमेदवार पाठवायचं ठरवून टाकलं. घरचा पाश नसलेला टर्नर मी एकटाच. निघताना शेठ म्हणाला, "त्यांच्या लेथवर हात बसवून ये. पार्ट इथं बनले पाह्यजेत. बनले, तर नवी लेथ तुझी. न्हाई तं मी दुसरा मानूस बघतो. खर्चा माझा हाय, बर्फ बघायला न्हाई पाठवून राह्यलो."

आणि मी चार महिने बर्फच बघत होतो. बर्फ आणि लोखंडाचा किस.

कारखान्यातल्या आमच्या खात्याचा मुख्य म्हणजे माइस्टर. आपल्याकडचा मिस्त्री, पण अंगावर इस्त्रीचा निळा कोट आणि कपाळावर चष्मा. त्यानं पहिल्या दिवशी माझ्या हातात झाडू दिला. तिकडं उमेदवारानं आधी झाडायचं असतं. मी झाडलं. लेथखाली साचलेला किस गोळा केला, तेल पुसलं, पुन्हा झाडलं. माइस्टरच्या टेबलासमोर एक लेथ रिकामी होती, तिच्यावरचा माणूस निवृत्त झाला होता. ती मी रोज इतकी पुसायचो की तिच्यात माझं तोंड दिसायचं. ते दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. "मी टर्नर आहे," असं मी जर्मनमध्ये पाठ करून माइस्टरला सांगितलं. तो म्हणाला, "छान. तो कोपरा राहिला."

राहायला एका विधवा आजीबाईंकडं माळ्यावरची खोली. छत इतकं उतरतं की सरळ उभं राहायचं तर खोलीच्या मधोमध. आंघोळ शनिवारी. बाकीचे दिवस मी चहाच्या भांड्यानं अंगावर पाणी घेई आणि आजीबाई खालून जिन्याला काठी आपटत, कारण ते पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात उतरे. एका रविवारी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसलो, तर पुन्हा काठी. रविवारी ठोकाठोक चालत नाही म्हणे. मग मी गादीवर, उशीखाली ठेवून कुटली. चटणी झाली नाही, उशी मात्र झणझणीत झाली.

सोबतीला एक तुर्की कामगार होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला चाचा म्हणायचो. त्याच्या तुर्कीत आणि माझ्या अंबडच्या उर्दूत दुनिया, वक्त, हिसाब, मैदान असे शब्द सारखे निघाले. तेवढ्यावर आम्ही दुपारच्या सुट्टीत जगाचा कारभार चालवायचो.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. माइस्टर खाली पडलेला एक पाना उचलायला वाकला आणि तसाच राहिला. वर येईना. टेबलाची कड धरून, तोंड जमिनीकडं, "आ... आ..." एवढंच. कामगार भोवती जमले. कुणी म्हणालं खुर्ची आणा, कुणी म्हणालं डॉक्टर बोलवा, आणि हात लावायची कुणाची छाती होईना. मी त्याच्या मागं झाडू घेऊन उभा. समोर ती पाठ. निळ्या कोटातली, कमानीसारखी वाकलेली, अशी पाठ मी अंबडला शेकड्यांनी पाहिलेली. मला जर्मनी दिसेनाशी झाली. कानात आईच बोलायला लागली.

झाडू ठेवला. बूट काढला. थंडीमुळं दोन मोजे घातले होते, एकावर एक. ते काढताना एका पायावर दोन उड्या माराव्या लागल्या. लोक बघत होते. मग डाव्या पायानं मी माइस्टरच्या कमरेत हलकेच तीन लाथा घातल्या. खात्यातली सगळी यंत्रं थांबलेली, त्यामुळं तिन्ही ऐकू आल्या. आणि रिवाजाप्रमाणं लगेच पुढं जाऊन त्याचे पाय धरले.

त्याला वाटलं, आता हा मला उलटा पाडतोय. त्यानं जी गर्जना केली, तिच्यासरशी तो ताठ उभा राहिला. माझ्या लाथेनं त्याची पाठ सुटली असं मी म्हणत नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची. मी म्हणतो, माणूस वाकून रागावू शकत नाही. एवढं मात्र खरं, की यंत्रांच्या मधून माझ्यामागं पळताना त्याचा हात कमरेवर नव्हता. एका पायात बूट घेऊन मीही बऱ्यापैकी पळालो.

तासाभरानं मी मॅनेजरच्या खोलीत उभा, शेजारी माइस्टर. पायात आता दोन्ही बूट होते. वरिष्ठाला मारलं म्हणजे परत पाठवणार, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. शेठचा चेहरा डोळ्यांपुढं आला. चार महिने झाडून, पाचव्या महिन्यात लाथ मारून आलेला टर्नर त्याच्या काय कामाचा?

"का मारलंस?" मॅनेजरनं विचारलं.

मी जमेल तसं जर्मन जुळवलं. "मी पायांनी जन्मलो."

मॅनेजरनं टेबलाखाली स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. "आम्ही सगळेच पायांसकट जन्मलो," तो म्हणाला.

मी हातवारे केले, पोट दाखवलं, पाय दाखवला. माइस्टर एक पाऊल मागं सरकला. तेवढ्यात दार वाजलं आणि चाचा आत डोकावला. काय झालं म्हणून त्यानं मला विचारलं, मी पोटाकडून पायाकडं बोट नेलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "तू उलटा आलास?" त्यांच्या गावातही अशी एक म्हातारी होती म्हणे, पाठीवर चालायची. "थांब," असं मला खुणावून तो पुन्हा दाराबाहेर गेला, आणि हा साठीला आलेला, मिशीवाला, धिप्पाड गृहस्थ दारातून जन्माला यायला लागला. आधी एक पाय आत. मग दुसरा. मग पोट, ते जरा अडकलं. हात, खांदे, आणि सगळ्यात शेवटी, टोपी सांभाळत, डोकं. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हा असा." नंतर स्वतःच्या कमरेवर हात मारून म्हणाला, "म्हणून असं. औषध."

मॅनेजरनं तोंडाला रुमाल लावला. खोकतोय असं दाखवत बराच वेळ हसला. माइस्टर हसला नाही.

"तुमचं काय म्हणणं?" मॅनेजरनं रुमालातूनच त्याला विचारलं. "परत पाठवायचा?"

माइस्टरनं मला डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं. बुटांवर जास्त वेळ थांबला. मग सावकाश, मलाही कळेल अशा शब्दांत म्हणाला, "राहू दे. पण हा माणूस यापुढं माझ्या पाठीमागं उभा राहणार नाही. मला तो समोर दिसला पाहिजे. सतत."

आता झाडणारा माणूस सगळीकडं फिरणारच, सतत समोर कसा राहणार? मॅनेजरनं तेच विचारलं. माइस्टर वैतागून म्हणाला, "मग झाडू दुसऱ्या कुणाला द्या. याला त्या लेथवर उभा करा, माझ्या टेबलासमोरच आहे."

बाहेर आल्यावर चाचानं आधी माझी पाठ थोपटली आणि मग स्वतःची माझ्याकडं केली. "आता माझी," म्हणाला. "वीस वर्षं दुखतेय." पॅकिंगच्या खोक्यांआड त्याचंही काम करून दिलं आणि पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेथवर उभा राहिलो. समोर टेबलामागं माइस्टर, पाठ भिंतीला टेकवून. त्यानं पार्टचा एक नकाशा आणि लोखंडाचा एक तुकडा दिला.  मी तो तुकडा कातला. त्यानं मोजला, भंगाराच्या पेटीत टाकला आणि दुसरा दिला. तोही मोजला, तोही पेटीत. दुपारपर्यंत पेटीचा तळ झाकला गेला होता आणि मला आपला झाडूच बरा होता असं वाटायला लागलं होतं. जेवणानंतरचा तुकडा त्यानं मोजला, चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा मोजला.  तो पेटीत न टाकता टेबलावर, स्वतःच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला, आणि पुढचा तुकडा माझ्याकडं सरकवला.