दोन मॉझर आणि एक टेबल

आमचे मेहुणे पद्माकरराव दुधाच्या खोक्यावरची तारीख दोनदा वाचतात. एकदा दुकानात आणि एकदा घरी. वाटेत कुणी बदलली तर? जर्मनीत ब्योब्लिंगेनमध्ये गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरही डोळ्यातला संशय काही निवृत्त झाला नाही.

अशा माणसाला मित्र मिळणं कठीण. मिळाला तो एकच, नेमबाजीच्या फेराईनमधले, म्हणजे क्लबमधले, एबर्ले. तिथल्या बंदुका तीस वर्षं त्यांच्याच ताब्यात. दर शनिवारी दोघं एकत्र कॉफी पीत, फारसं न बोलता.

२०१५ च्या वसंतात फेराईनने आपल्या दोन जुन्या लष्करी मॉझर रायफलींपैकी एक विकायला काढली. पद्माकररावांकडे परवाना होता आणि तिच्यावर डोळाही. ते भिंग घेऊनच गेले. या रायफलींच्या प्रत्येक मुख्य भागावर रायफलीचा नंबर ठोकलेला असतो. बॉडीवर ४१७३ होतं, नळीवरही ४१७३. पण गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टवर निघाला ९६२८.

"मूळ बोल्ट त्यानं विकला," घरी येऊन त्यांनी जाहीर केलं.

"अहो, आधी विचारा तरी त्यांना," माझी बहीण विभावरी म्हणाली.

"चोराला विचारून चोरी कळते का? आणि परका बोल्ट मापाशिवाय बसवलाय. उद्या कुणाच्या तोंडावर फुटला म्हणजे?"

त्यांनी फोटोंसकट दोन पानी रिपोर्ट लिहिला आणि थेट अध्यक्षांना पाठवला. मला त्यांचा मनापासून राग आला. तीस वर्षांची अब्रू दोन पानांत निकालात काढायची म्हणजे काय!

समितीपुढे एबर्ले एवढंच म्हणाले, "तपासणं माझं काम होतं." कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेले. मग दुसरी रायफल उघडली. तिचा नंबर ९६२८, आणि ४१७३ चा बोल्ट तिच्यात!

"बघा! बोभाटा होईल म्हणून गुपचूप परत आणून बसवला," पद्माकरराव म्हणाले. माणूस हरायला तयारच नाही.

मला मात्र काहीतरी आठवत होतं. मी फोनमध्ये मागे मागे जात राहिलो आणि सापडलं. आदल्या ऑक्टोबरमध्ये फेराईनच्या साफसफाईच्या दिवशी विभावरीने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो. खाली लिहिलं होतं, 'यांची शिस्त बघा!' टेबलावर दोन्ही रायफली खोललेल्या. बोल्ट एका ओळीत, स्प्रिंगा एका ओळीत, स्क्रू वेगळ्या ताटलीत. मागे पद्माकरराव, छाती पुढे काढून. कोपऱ्यात दोन जुने टॉवेल घडी घालून ठेवलेले.

"हे टॉवेल कसले?" मी विचारलं.

पद्माकररावांनी फोटो बोटांनी मोठा केला. "एबर्लेचे. एका रायफलीचे भाग एका टॉवेलवर ठेवतो तो. तो कॉफी आणायला गेला तेव्हा मी सगळं नीट लावलं. कारखान्यात लावतो तसं, एका जातीचं एकत्र." मग हळूच म्हणाले, "आमच्याकडे कुठलाही भाग कशालाही बसतो रे."

जोडणीही त्यांनीच केली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा रिपोर्ट लिहिला. कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, एक प्रत अध्यक्षांना दिली आणि दुसरी घेऊन एबर्लेंच्या दारात उभे राहिले. सोबतीला मी होतो. एबर्लेंनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला.

"तुला माहीत होतं?" पद्माकररावांनी विचारलं.

"किल्ल्या ठेवल्या त्या दिवशी अंदाज आला."

"मग बोलला का नाहीस? आणि जोडल्यावर तू नंबर कसे पाहिले नाहीस? तू तर नेहमी पाहतोस!"

एबर्लेंनी कागदाची घडी घालून तो परत केला.

"त्या दिवशी तू जोडलं होतंस," ते म्हणाले. "म्हणून पाहिले नाहीत."