लाखोरी न टाकलेली बांधी

आधी बाईचं सांगतो, मग कबड्डीचं. बाई नसती तर आमच्या गावाचा संघ नसता. आणि संघ नसता तर नववीतून शाळा सुटलेला मी कुठं असतो, याचा विचार मी शक्यतो करत नाही. बाई म्हणजे आमच्या संघाच्या पहिल्या कॅप्टनची बायको. गावात तिला सगळेच बाई म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

तिनं काय दिलं ते समजायला थोडं शेतीचं सांगावं लागेल. आमच्या गोंडपिपरीकडं धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. धान उभं असतानाच, खाली ओल आहे तोवर, त्यात लाखोरीचं बी फेकतात. धान कापून नेलं की मागून लाखोरी वर येते, आणि घरची वर्षाची डाळ त्यातून होते. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून बाईची एक बांधी आहे. तिच्यात ती लाखोरी टाकत नाही. ती बांधी म्हणजे आमचं मैदान.

सुरुवात तिच्या नवऱ्यानं केली. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. तरुणपणी ते वडशाला धानाच्या मिलमध्ये हमाली करायचे, तिथल्या हमालांच्या संघात कबड्डी शिकले. गावी परतल्यावर त्यांनी कापलेली बांधी नांगरली, पाणी टाकून धुम्मसनं, म्हणजे जमीन दाबायच्या जड ठोकण्यानं, ठोकली, चुलीतल्या राखेनं रेषा मारल्या. पण कितीही ठोकली तरी ती धानाची जमीन, पाय रुतायचाच. उडी मारून निसटणं तिथं जमत नव्हतं. म्हणून गावची पोरं खाली बसून घोटा धरायला शिकली. पहिल्याच स्पर्धेत कोणीतरी ओरडलं, "आले बे चिखलातले खेकडे!" तो सामना संघ हरला, नाव मात्र चिकटलं. पुढं माइकवरचा माणूससुद्धा म्हणायला लागला, "सावध राहा रे भाऊ, खेकडे येऊन राह्यले, घोटे सांभाळा!"

वडिलांना लकवा झाला आणि माझी शाळा सुटली. मी दिवसभर पाळीवर बसून राहायचो. एकदा बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती, ती थांबली.

"शाळा सोडली का रे बापू?"

"हो."

"मंग इथी बसून का मासे मोजून राह्यला? बांधीत ये, पानी टाकू लाग."

आधी पाणी टाकलं, मग धुम्मस धरली, मग भाऊंनी मला खेळायला, संघाच्या कोपऱ्यात उभं केलं. माझ्या पंज्यात जोर आहे, हे मला त्या बांधीतच पहिल्यांदा कळलं. शाळेत तसं काही कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं स्पर्धा वजनाच्या गटात होतात. वजन भरायचं त्या दिवशी जाडी पोरं सकाळपासून उपाशी, बनियनवर धावत सुटायची. बाई भात आणि माशांच्या रस्स्याचे गंज, म्हणजे मोठी पातेली, घेऊन काट्याजवळच बसायची. आमच्यातलं एक पोरगं वास घेऊन रडकुंडीला आलं की म्हणायची, "नुसत्या वासानं वजन नाई वाढत रे, घे अजून वास!" काट्यावरून उतरलेलं पोरगं थेट गंजावर पडायचं.

मग भाऊ तापानं गेले. त्या दिवाळीआधी बाई टोपली घेऊन एकेका बांधीत लाखोरी फेकत होती आणि आम्ही पोरं पाळीवरून पाहत होतो. कॅप्टन गेला, आता मैदानही गेलं, असंच सगळ्यांच्या मनात होतं. पाळीजवळच्या बांधीपाशी ती थांबली. उरलेलं बी पदरात बांधलं आणि घरी गेली. आम्ही एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही.

पण पोरं पांगली. कोणी गडचांदूरला सिमेंटच्या कामावर, कोणी तेलंगणात मिरची तोडायला. मी सगळ्यात लांब, पुण्याकडच्या एका गोदामात खोकी उचलतो. हिवाळ्यात आम्ही जमायचो आणि तेवढ्यापुरता संघ उभा राहायचा. मागच्या वर्षी मोजून सातच जमले, बदली एकही नाही. म्हणून यंदा धान पिवळं पडायला लागल्यावर बाईनं आधी मला फोन केला.

"बांधीत ओल हाय अजून. सांग, लाखोरी टाकू का नको?"

"नको टाकू बाई. मी येतो."

"तू आला तं सात होतात. नाई तं साऱ्या गावानं सहा जनाइले पाहावं का?"

"येतो म्हनलं ना."

"पाह्य बरं. मागच्या साली डाळ इकत आनली मी, तुमा खेकड्यांपायी." आणि हसली.

सुट्टी मागितली तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "जा की. पण परत येशील तेव्हा तुझ्या जागी दुसरा असेल." माणूस वाईट नाही, त्याच्यावरही वरून दाब आहे. वडिलांचं औषध माझ्या पगारावर चालतं. मी सुट्टीचं तिथंच सोडलं, आणि बाईलाही लगेच फोन केला नाही. वाटत होतं, सुपरवायझरचं मन बदलेल. खोकी उचलताना मनात तेच. ओल असेल का अजून? धान कापलं असेल का?

शेवटी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"बाई, मले सुट्टी नाई भेटून राह्यली."

आणि लगेच पुढचं विचारलं.

"धान कापलं का?"

"कापलं. सुकली बांधी."

सुकल्या बांधीत लाखोरी धरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी विचारलं, "पानी देऊन टाकली तं?"

"पागल झाला का? तलावाचं पानी मले एकटीले कोन सोडन?"

ती धापा टाकत बोलत होती. मी विचारलं, "काऊन दम लागून राह्यला तुले?"

"धुम्मस मारून राह्यली होती. एक बाजू झाली. तू येऊन राह्यला म्हनून म्या आधीच सुरू केलं."

पुढं तीच म्हणाली, "नोकरी नको सोडू बापू. बापाकडं पाह्य. पोरं एखादा जावई धरून आनतीन खेळाले. जावई गावचा म्हनून चालते का नाई, ते पंचाले विचारा लागन." स्वतःच हसली. मग म्हणाली, "ठेव आता. दुसरी बाजू राह्यली." आणि फोन बंद झाला.

जावई मिळाला का, मला अजून कळलेलं नाही. फोन वाजला की खोकं खाली ठेवून आधी बघतो, गावाकडचा आहे का. संघ उतरला नाही तर ती बांधी यंदा लाखोरीवाचून गेली आणि कबड्डीवाचूनही, माझ्या एका शब्दावर.

बाई, तुझं एक पीक माझ्याकडं राहिलं. एका वर्षी मी धान उभं असताना येईन, नुसता खेळायच्या दिवसापुरता नाही. तुझ्या बाकीच्या बांध्यांमध्ये लाखोरी मी फेकीन, कापणीला तुझ्याबरोबर वाकीन, आणि पाळीजवळच्या बांधीत धुम्मसला तुला हात लावू देणार नाही. तोवर तू विचारशील तेव्हा, पक्कं ठरल्याशिवाय, 'येतो' म्हणणार नाही.