निंबाभोवतीचा पार

देवासच्या आमच्या घराचा नवा नकाशा आला तेव्हा त्यात अंगणातला कडुनिंब नव्हता. त्याच्या जागी फाटकापासून पार्किंगपर्यंत सरळ राखाडी पट्टा होता आणि त्यावर बिल्डरनं हौसेनं एक छोटी मोटार काढली होती. घर माझ्या आणि थोरल्या भावाच्या नावावर. भाऊ गेल्यापासून त्याच्या वाट्याची सही वहिनींची. त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि मला परत दिला. झाड राहणार असेल तर सही करीन, नाहीतर याच गळक्या घरात मरेन, असं सांगून त्या भाजी निवडायला गेल्या.

मी शब्द दिला. मला झाडांचा फार कळवळा आहे असं मात्र कोणी समजू नये. सब-इंजिनियर म्हणून माझी निम्मी नोकरी धार जिल्ह्यातल्या रस्त्यांवर गेली, आणि रुंदीकरणासाठी धामनोदकडच्या बऱ्याच झाडांवर तोडायच्या खुणा मीच केल्या आहेत. हा शब्द वहिनींना दिला होता. पन्नास वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

बिल्डर भला माणूस होता, पण त्याला सरळ रेषेचं वेड होतं. झाड ठेवलं तर गाडी वळणार नाही, निंबोळ्या पडून रोज गाड्या खराब होतील, फ्लॅट घेणारे कुरकुर करतील, असं तो हिंदीत परोपरीनं सांगत राहिला. मी घरी आलेखाच्या कागदावर वाट पुन्हा आखली. फाटक सहा फूट उजवीकडे सरकवलं, निंबाला वळसा घातला, त्यात एक पार्किंग कमी झालं ते मी माझ्या वाट्यातून सोडलं. बिल्डरनं कागद बराच वेळ उलटसुलट केला आणि मान्य केलं. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की येताना अर्धा किलो जिलबी घेऊन आलो.

वहिनी इंदूरला लेकाकडे गेल्या आणि काम सुरू झालं. आमच्या गल्लीचा रस्ता दर डांबरीकरणाला वर चढत गेला होता, त्यामुळे पावसाळ्यात पाणी आत येई. म्हणून सगळं आवार अडीच फूट उचलायचं ठरलं. मुरूम आला, रोलर फिरला. निंबाभोवती मिस्त्रीनं एक गोल खड्डा सोडला होता. त्यात विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या आणि डासांचं पाणी साठायला लागलं. मला ते बघवेना. म्हटलं, झाडाला मान द्यायचा तर नीट पार बांधू. वहिनींना सकाळी बसायला होईल, आणि आल्यावर एकदम दाखवू.

पार झकास झाला. खड्डा मुरूम-मातीनं गच्च भरून घेतला, धुम्मस मारून घेतली, वर फरशी बसवली, अगदी खोडाला भिडवून, फट राहू नये म्हणून सिमेंट भरून. कडेला बसायला गोलाई. मी स्वतः त्यावर बसून पाहिलं. वाटेला वळण, वळणावर निंब, निंबाला पार. बिल्डरसुद्धा फोटो काढून घेऊन गेला.

इमारत उभी राहिल्यावर वहिनी परत आल्या, पारावर हात फिरवला, छान झालंय म्हणाल्या. रोज सकाळी त्या तिथे मेथी निवडत बसत. पहिलं वर्ष झाड चांगलं होतं. दुसऱ्या वर्षी पाडव्याला गल्लीतल्या मराठी घरांतून गुढीसाठी नेहमीप्रमाणे माणसं डहाळे मागायला आली, तर रस्त्याकडच्या फांद्यांना पालवीच नव्हती. आतल्या बाजूची होती ती वहिनींनी थोडी थोडी वाटून दिली. आषाढापर्यंत तीही पिवळी पडली.

वहिनींनी दोष बिल्डरला दिला. त्यानं झाडाच्या मुळांत हिंग नाहीतर तेजाब ओतलं असणार, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. तो भेटायला आला तर दार उघडलं नाही. मला तेव्हा तसं वाटून घ्यायला आवडलं, हे कबूल करतो.

शेवटी मी भोपाळ रस्त्यावरच्या नर्सरीतला म्हातारा माळी घेऊन आलो. त्या दिवशी वहिनी देवळात गेल्या होत्या. त्यानं फरशीची एक लादी उचकटली, वीतभर माती हातानं काढली आणि मला वाकायला सांगितलं. खोडाची साल ओल्या पुठ्ठ्यासारखी त्याच्या बोटांत आली. आत काळपट ओल होती आणि वास.

"बाबूजी, इसको तो गले तक गाड़ दिया," तो म्हणाला. "ये साँस कहाँ से लेता?"

मुरूम किती दाबला की किती घट्ट बसतो, त्यातून पाणी झिरपायचं कसं थांबतं, हे मी तीस वर्षं कंत्राटदारांना शिकवत आलो. तेच मी झाडाला केलं होतं. त्या वेळी फार वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त लादी परत नीट बसत नव्हती, त्याचा राग आला.

वहिनींना सांगायला मी तीन आठवडे लावले. रोज त्या बिल्डरला शिव्या घालत आणि रोज मी चहा पिऊन वर माझ्या फ्लॅटमध्ये जात असे. मग एकदा झाडाची एक सुकी फांदी पारावरच पडली. त्या नुकत्याच उठून गेल्या होत्या. आता झाड उतरवणं भाग होतं, नगर निगमच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागणार होत्या, आणि सही घेताना खोटं बोलणं मला जमण्यासारखं नव्हतं.

"बिल्डरनं काही ओतलं नाही, वहिनी," मी म्हणालो. "निंब पारानं गेला. पार मी बांधला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भावोजी, आमच्या धारच्या घरी बाबा झाडाच्या बुंध्याला माती लागू देत नसत. आळं खोल ठेवायचे. भर घातली की कुजतं, हे आम्हा मुलींनासुद्धा ठाऊक होतं. फरशीखाली काय भरलंय ते मला दिसलं नाही. एक फोन करायचा होतात."

"तुम्हाला एकदम दाखवायचं होतं."

"हो, तेही खरंच," त्या म्हणाल्या, आणि कागद पुढे ओढून सही केली. बिल्डरला त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून चहाला बोलावलं. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

झाड उतरवायचा दिवस ठरला तेव्हा वहिनी शेजारणींबरोबर नर्मदेच्या स्नानाला नेमावरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्ही जवळ थांबा. कोणीतरी घरचं असावं."

मी थांबलो. सकाळी नऊला माणसं दोर घेऊन वर चढली आणि दीडच्या सुमाराला शेवटचा ओंडका ट्रॉलीत पडला. मी खुर्ची टाकून सगळं बघितलं. पोटात काहीतरी तुटेल म्हणून वाट पाहिली. गल्लीतले दोघेतिघे येऊन हळहळले, त्यांना मी बरोबर उत्तरं दिली. पार तेवढा राहिला, मध्ये बुडख्याची थाळी घेऊन. पावडरीसारखा भुसा सगळ्या वाटेवर पसरला होता, तो झाडून घेतला.

वहिनी संध्याकाळी परतल्या. खिडकीशी उभं राहून त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि पडदा ओढला. मला घोटभर गंगाजळीतलं नर्मदेचं पाणी दिलं, प्रसाद दिला. मग हळूच विचारलं, "तुम्हाला फार त्रास झाला का हो?"

मी हो म्हणालो. त्या माझ्या हातावर हात ठेवून बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. खरं म्हणजे त्या दुपारी मी वरण-भात जेवलो होतो आणि चार वाजेपर्यंत गाढ झोपलो होतो.