हिरव्या साडीला फॉल

पडद्या-सोफ्याच्या कापडाचं माझं दुकान आहे. त्यामुळे घरात कापड म्हटलं की तज्ज्ञ मीच. बाकी कशातलाच नाही, म्हणून हे पद कोणी काढूनही घेत नाही. ताई गेली त्या सकाळीही आईनं मलाच धाडलं. सवाष्ण गेली की तिला माहेरची हिरवी साडी नेसवूनच उचलतात. "सासरच्या साडीत जायची न्हाय ती," आई एवढंच म्हणाली. उचगावात ताईच्या दारात माणसं जमली होती, ऊन चढत होतं. मला फक्त एक हिरवी साडी आणायची होती.

दिसेल ती उचलून निघायचं, तर मी साड्यांच्या दुकानात गादीवर ऐसपैस बसलो. एकीची बुट्टी विरळ वाटली, दुसरीचा काठ भडक. तिसरीचा पदर उलटा करून बघितला, तर मागं जरीचे धागे सुटलेले. ताईच्या बांगड्यांत अडकतील म्हणून ती नाकारली. कशासाठी हवी ते दुकानदाराला मी सांगितलंच नव्हतं. बहिणीला माहेरची न्यायचीय म्हटल्यावर गडी खुलला. त्यानं बारीक कोयऱ्यांची, अरुंद काठाची एक काढली. मी ती दारात उजेडाला नेली, अंगठ्यानं चोळली आणि विचारलं, रंग जाणार नाही ना?

"धुऊन बघा की, पावणं. फिका पडला तर परत आणा, मी हाय हितं."

मी समाधानानं मान डोलावली. वर फॉल-पिको करायला सांगितलं.

मशीन सुरू झालं आणि दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला. अजून किती थांबायचं, विचारत होते. नाहीतर कपाटातली तिचीच एखादी नेसवतो म्हणाले. फॉल लावतायत, आलोच, मी म्हणालो. त्यांनी हळूच विचारलं,

"फॉल कशाला?"

मी मशीनखालून साडी ओढली आणि पळत सुटलो.

पोचलो तेव्हा ताईला आंघोळ घालून झाली होती. साडी आधी आईनं हातात घेतली, घडी मोडली. निम्मा फॉल लोंबत होता. आता चारचौघांत माझी खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घातली.

"अशी कशी नेसवायची? पायात यील की तिच्या," आई म्हणाली आणि तिनं सुई मागितली.

बाहेर तिरडी बांधून तयार होती. घाई करा असं कोणी म्हणालं नाही. आईला दोरा ओवता येईना, तेव्हा दाजींनीच तो ओवून दिला.