उलटवलेले खोके

घरात त्यांना बाबा म्हणत आणि पॅकिंगला येणाऱ्या बायका पाठीमागे पुठ्ठेबाबा म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जन्मभर एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले, पण घरी बसणं काही जमेना. तेवढ्यात सुनेने धंदा काढला. लहान बाळांची लाकडी खेळणी, खुळखुळे, दात येताना चावायच्या कड्या. मागच्या खोलीत काम सुरू झालं, पार्सलं जाऊ लागली आणि खोके, टेप, आत भरायचा कागद हे सगळं खातं बाबांनी कुणाला न विचारता आपल्याकडे घेतलं.

तसे ते या कामात वस्ताद. खोक्याच्या कडेवर अंगठा दाबला की पुठ्ठा किती दणकट आहे ते सांगायचे. भरलेलं पार्सल कानाशी नेऊन हलवायचे आणि आत काही वाजलं की परत उघडायला लावायचे. टेपचं टोक दुमडून त्याची छोटीशी शेपटी ठेवायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला नखांनी खरवडत बसायला नको. तशी शेपटी दुसऱ्या कुणाला जमत नसे, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

एक खोड मात्र जात नव्हती. धडधाकट खोका कुणी टाकून दिलेला त्यांना बघवत नसे. बाजारातल्या दुकानांमागून ते रिकामे खोके गोळा करून आणायचे, जोड सोडवायचे, खोका उलटा करून छपाईची बाजू आत घ्यायचे आणि पुन्हा चिकटवायचे. बाहेरून अगदी कोरा करकरीत. सुनेने एकदा हळूच समजावलं होतं, "बाबा, ही खेळणी बाळांच्या तोंडात जातात. खोके नवेच घेऊ या."

"नवेच घेऊ," बाबा म्हणाले. घेतलेही. पण जुन्या खोक्यांची चळत माळ्यावर तशीच राहिली, कारण मला स्टोअर शिकवणारी ही कालची पोर कोण, असं त्यांना आतून वाटलंच होतं.

पुढे नवे खोके संपत आले. मागवायला हवेत हे बाबांना दिसत होतं, पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं. एका सकाळी कपाट उघडलं तर आत एकही खोका नाही आणि दुपारी कुरिअरवाला यायचा. 'मागवायचे राहिले' एवढे दोन शब्द सुनेपुढे बोलणं त्यांच्या जिवावर आलं. ते गुपचूप माळ्यावर चढले.

पुढच्याच आठवड्यात सकाळीच एक बाई दारात उभी राहिली. याच शहरातली. कडेवर दात येणारं बाळ, काखेत खोका. तिने तो सुनेच्या टेबलावर ठेवला आणि उघडला. आत चारही बाजूंना लाल अक्षरांत उंदीर मारायच्या औषधाचं नाव, आणि पाय वर करून पडलेला उंदीर.

"मी कडी बाहेर काढत होते, तेवढ्यात यानं झाकण तोंडात घातलं," ती म्हणाली. "मग मला हे चित्र दिसलं. तशीच धावत दवाखान्यात गेले. काही झालं नाही म्हणतात. पण माझा जीव अजून ठिकाणावर आलेला नाही."

बाबा आतल्या दाराआड होते, हातात टेप. खोक्यात पूर्वी औषधाची बंद पाकिटं होती, काही सांडलेलं नव्हतं, आपण फडक्याने पुसूनही घेतलं होतं, असं सगळं त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथेच सुकलं. पुसलं होतं, म्हणजे पुसायला हवं हे माहीत होतं.

सून खोक्याकडे बघत होती. तिचं बोट टेपच्या दुमडलेल्या शेपटीवर गेलं आणि थांबलं. तिने दाराकडे मात्र पाहिलं नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "खोका कुठला जातोय ते मी बघायला हवं होतं."

"तुम्हालाही मूल आहे ना?"

"आहे."

"मग तुम्हाला हे चाललं कसं?"

सुनेची मान खाली गेली. बाबांना वाटलं, आता बाहेर जायला हवं. दार तर नुसतं लोटलेलं होतं. कारखान्यात दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवताना हा माणूस कधी कचरला नव्हता, पण आज पाय जमिनीला खिळले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. बाई निघून गेली तेव्हा ते टेपच्या रिळाचं टोक शोधल्यासारखं करत होते.

सून आत आली. ती चिडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"बाबा, असे खोके अजून कुणाकुणाला गेलेत?"

"त्या दिवशीचे सगळे," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

तिने मान हलवली आणि टेबलाशी जाऊन फोन लावायला बसली. "खोका बाळापासून लांब ठेवा... हो, चूक माझीच... खेळणी नवी पाठवते." फोन ठेवला की दुसरा. कुणी बरंच बोललं असावं, कारण मध्येच ती नुसतीच ऐकत राहिली. दर वेळी 'माझीच' आलं की बाबा आक्रसून जात. त्यांनी माळ्यावरची चळत खाली काढली आणि एकेक खोका पायाखाली चेपला. त्याने काही हलकं वाटलं नाही.

शेवटी ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

"त्या बाईसमोर तू माझं नाव का नाही घेतलंस?"

सुनेने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही बाहेर याल म्हणून थांबले होते, बाबा."

सगळ्या आयुष्यात त्यांना कुणी एवढं झोंबणारं बोललं नव्हतं, आणि तिच्या आवाजात राग औषधालाही नव्हता. बाबांनी हात पुढे केला.

"तिचा नंबर लावून दे."

तिने लावून दिला. पलीकडे बाळाचा आवाज आला, मग बाईचा.

"सकाळच्या खोक्यासाठी फोन केलाय," ते म्हणाले. "खोके निवडण्याचं काम माझ्याकडे आहे. माझ्या सुनेनं मला नवेच घ्या म्हणून बजावलं होतं. तो खोका मी उलटवला आणि तुमच्या बाळाची कडी मीच त्यात भरली." ते थांबले. फोन ठेवता आला असता. "आणि तुम्ही आलात तेव्हा मी घरातच होतो. दाराआड."